दुष्काळातलं हार्ड रॉक : १९९२ ते १९९९, फक्त मोठ्या लेबलांचे अल्बम

रिफमास्तर

शेजारच्या धाग्यावर ऐंशीच्या दशकावरून हाणामारी चालू आहे ती चालू द्या, मला त्याच्या नंतरच्या वर्षांबद्दल बोलायचंय. सप्टेंबर ९१ ला निर्वाणाचा नेव्हरमाइंड आला, जानेवारी ९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या डेंजरसला बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीच्या, एक नंबरवरून खाली ओढलं आणि वर्षभरात केस फुगवलेल्या बँडांचे फोन लेबलवाले, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, उचलेनासे झाले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण ती अर्धीच आहे असं माझं म्हणणं आहे.

कारण करार एका रात्रीत संपत नसतात. ८८-९० च्या तेजीत ज्यांच्या सह्या झाल्या होत्या त्यांचे दोन दोन, तीन तीन अल्बम लेबलकडे बाकी होते, स्टुडिओचे पैसे ठरलेले, प्रोड्युसर मोठ्यातला मोठा मिळत होता. नव्हतं ते फक्त नंतरचं सगळं, म्हणजे रेडिओवर कोणी वाजवत नाही, एमटीव्ही व्हिडिओ रात्री दोनला लावणार नाहीतर लावणारच नाही, ज्यानं बँडला साइन केलं तो माणूस नोकरी सोडून गेलेला. त्यामुळे साधारण ९२ ते ९५ या चार वर्षांत एक विचित्र प्रकार झाला, भरपूर पैसे ओतून केलेले आणि कोणीच न विकलेले अल्बम. पैसा होता, पाठबळ नव्हतं. आणि आता हिट द्यायचंच आहे हा दबाव गेल्यामुळे म्हणा किंवा जीव जायची वेळ आली म्हणून म्हणा, यातल्या काही लोकांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेव्हाच केलं.

नियम सांगून ठेवतो म्हणजे नंतर वाद नको. लेबल मोठं हवं, म्हणजे तेव्हाचे सहा, सोनी, वॉर्नर, पॉलिग्राम, ईएमआय, बीएमजी, एमसीए, आणि त्यांच्या पोटातली सगळी पिल्लं (अटलांटिक, एलेक्ट्रा, कोलंबिया, गेफन, मर्क्युरी वगैरे). सिएटलवाले (निर्वाणा, साउंडगार्डन, पर्ल जॅम, अॅलिस इन चेन्स वगैरे ग्रंजवाले) नकोत, त्यांचा सुगीचा काळ होता तो. मेटॅलिका, पँटेरा हे पण नकोत.

माझा पहिला नंबर : मॉटली क्रूचा ९४ चा, बँडच्याच नावाचा अल्बम. विन्स नीलच्या जागी आलेल्या जॉन कोराबीनं गायलेला. होय, तोच. शिव्या द्यायला सुरुवात करा.

बेसवाला_बाळू

खुर्ची टाकून बसलोय.

कडवट_कोल्हापुरी

मास्तर, विन्स नीलशिवाय मॉटली क्रू म्हणजे काय राव, आता काय बोलायचं. नाव बदलून काढला असता तर ऐकला असता लोकांनी.

रिफमास्तर

कोल्हापुरी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. नाव बदललं असतं तर एलेक्ट्रानं एवढे पैसे दिले नसते, आणि पैसे नसते तर हा आवाज आला नसता. बॉब रॉक प्रोड्युसर, म्हणजे मेटॅलिकाचा काळा अल्बम करून आलेला माणूस. पॉवर टू द म्युझिकच्या सुरुवातीला टॉमी लीचा ड्रम ऐका, हेडफोन लावून, खोलीची हवा ऐकू येते. आणि कोराबी नुसता गायक नव्हता, तो गिटार पण वाजवायचा, त्यामुळे मिक मार्सला आयुष्यात पहिल्यांदा बँडमध्ये दुसरी गिटार मिळाली. म्हणून तर हूलिगन्स हॉलिडे मधली भिंत एवढी जाड आहे, एकट्या मिकच्या गिटारनं ते होत नाही. मिसअंडरस्टूड साध्या अकूस्टिकवर सुरू होतं आणि कुठल्या कुठे जातं, बँडच्या आधीच्या कुठल्याही अल्बमवर असं गाणं सापडणार नाही.

सातव्या नंबरवर चढला बिलबोर्डला, म्हणजे पहिल्या आठवड्यात लोकांनी घेतला. मग घसरगुंडी. १५ मार्च ९४ ला हा आला आणि त्याच्या बरोब्बर एक आठवडा आधी साउंडगार्डनचा सुपरअननोन आलेला. याला म्हणतात नशीब. तीन वर्षांनी विन्सला परत आणून जनरेशन स्वाइन काढला, त्यावर जास्त बोलत नाही, घरात लहान मुलं आहेत.

एडिसनकर

धागा आवडला, लिहितेच आता. मी कॉलेजला होते तेव्हा पुण्यात, आणि कोराबीवाला मला पण आवडतो पण माझा पहिला नंबर विंगरचा पुल, ९३ चा, अटलांटिक. हसा.

या बँडचं जे झालं तसं कोणाचंच झालं नाही. मेटॅलिकाच्या व्हिडिओत लार्स किप विंगरच्या पोस्टरवर डार्ट मारताना दिसतो, आणि मग ९३ ला बीव्हिस अँड बटहेड सुरू झालं त्यात शेजारचा बावळट मुलगा विंगरचा टीशर्ट घालून फिरायचा. दर भागात तोच टीशर्ट! म्हणजे करोडो पोरांना शिकवलं की हे ऐकणारा म्हणजे बावळट. आणि गंमत म्हणजे या बँडमध्ये ड्रमवर रॉड मॉर्गनस्टीन, डिक्सी ड्रेग्सवाला, गिटारवर रेब बीच, वाजवण्यात यांच्या जवळपास फिरकणारे त्या वेळच्या टीव्हीवर फार कमी होते.

पुलच्या आधी कीबोर्डवाला पॉल टेलर सोडून गेला. त्यामुळे तिघांनीच केला अल्बम आणि तो गुळगुळीत कीबोर्डचा थर आपोआप गेला. ब्लाइंड रेव्होल्यूशन मॅड सुरू होतं अकूस्टिकवर, तुम्हाला वाटतं आलं परत बॅलड, आणि मग जे काही येतं ते! डाउन इन्कॉग्निटो मध्ये माउथ ऑर्गन आहे. माइक शिप्लीनं रेकॉर्ड केलाय, तो डेफ लेपर्डच्या अल्बमांवर काम केलेला माणूस, पण इथे त्यानं सगळं कोरडं आणि जवळ ठेवलंय. किप विंगर पुढे ऑर्केस्ट्रासाठी लिहायला लागला आणि त्याच्या त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन पण मिळालं, शास्त्रीय विभागात. तो टीशर्टवाला विनोद लिहिणाऱ्यांना कोणीतरी कळवा.

बेसवाला_बाळू

एडिसनकर ताई +१००. पुल हा त्या काळातला सगळ्यात अन्याय झालेला अल्बम.

पण बेस वाजवणारा माणूस म्हणून मी किंग्ज एक्सचं नाव घेतल्याशिवाय उठणार नाही. डॉगमन, जानेवारी ९४, अटलांटिक.

कडवट_कोल्हापुरी

किंग्ज एक्स हार्ड रॉक हाय का पण? त्यांना कोणी प्रोग म्हणतंय कोणी फंक म्हणतंय कोणी ख्रिश्चन रॉक म्हणतंय.

बेसवाला_बाळू

हाच तर त्यांचा शाप, दुकानदाराला कुठल्या खणात ठेवायचं ते कळलं नाही. तिघंच जण, ह्यूस्टनचे. डग पिनिक गातो आणि बेस वाजवतो, टाय टेबर गिटार, जेरी गॅस्किल ड्रम, आणि तिघंही गातात. आधीचे चार अल्बम सॅम टेलर नावाच्या मॅनेजर-प्रोड्युसरबरोबर केले, सगळे सुंदर आहेत पण आवाज थोडा धुक्यातला. मग त्याला सोडलं आणि ब्रेंडन ओब्रायनकडे गेले, जो तेव्हा पर्ल जॅम आणि स्टोन टेंपल पायलट्सचे अल्बम करत होता. म्हणजे बघा, लेबलनं त्या काळातला सगळ्यात महागडा, सगळ्यात चालणारा माणूस यांना दिला. मास्तरांचा मुद्दा इथे तंतोतंत लागू होतो.

टायटल ट्रॅक लावा. पहिल्या पाच सेकंदात कळतं की गिटार खाली ट्यून केलीय आणि बेस तिच्या मागे नाही, तिच्या बरोबरीनं पुढे उभाय, कडा असलेला, खरखरीत. मी त्या आवाजाच्या मागे माझं अर्धं आयुष्य आणि बायकोच्या मते घरातले बरेच पैसे घालवलेत. पण त्याच अल्बमवर फ्लाइज अँड ब्लू स्काइज सारखं गाणं आहे ज्यात तिघांचे आवाज बीटल्ससारखे एकावर एक बसतात. शेवटी हेंड्रिक्सचं मॅनिक डिप्रेशन आहे, लाइव्ह. त्याच वर्षी वुडस्टॉक ९४ ला पण वाजवले. तरी झालं काय, ९६ ला इअर कँडी काढला आणि अटलांटिकचा आणि त्यांचा संबंध संपला.

बाकी डग पिनिकला ज्यांनी ऐकलं त्यांच्यातले निम्मे लोक नंतर सिएटलच्या बँडांमध्ये होते. जेफ अमेंटनं उघड सांगितलंय की किंग्ज एक्सनं ग्रंज सुरू केलं. मग ग्रंजनं यांचा धंदा बसवला असं कसं म्हणायचं तेच मला कळत नाही.

पणजीकर

मला नियमाबद्दलच बोलायचंय. सिएटलवाले नकोत हे मास्तरांनी परस्पर ठरवलं. अॅलिस इन चेन्सचा डर्ट हा हार्ड रॉक अल्बम नाही तर काय भजनी मंडळ आहे? ९१ ला हेच लोक व्हॅन हेलेनच्या आधी स्टेजवर वाजवत होते. साउंडगार्डन गन्स एन रोझेसच्या आधी वाजवत होते. भिंत नंतर बांधली, मासिकांनी आणि रेकॉर्ड कंपन्यांनी. डर्ट आणि सुपरअननोन बाजूला ठेवले तर दुष्काळ दिसणारच, कोठार बघायचंच नाही म्हटल्यावर.

रिफमास्तर

पणजीकर, मान्य आहे की तो हार्ड रॉकच आहे. पण धागा त्याबद्दल नाहीये हो. कोलंबियानं डर्टला काय दिलं आणि त्याच कोलंबियानं त्याच वर्षी वॉरंटच्या डॉग ईट डॉगला काय दिलं, हे दोन शेजारी शेजारी ठेवा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. वॉरंटचा गायक जेनी लेन स्वतः सांगायचा ती गोष्ट, की कोलंबियाच्या ऑफिसमध्ये गेलो तर आधी जिथे आमच्या चेरी पायचं मोठं पोस्टर असायचं तिथे अॅलिस इन चेन्सचं लागलेलं, तेव्हाच कळलं आपलं काय खरं नाही.

एडिसनकर

डॉग ईट डॉगवर जरा सविस्तर लिहा ना मास्तर, इथे बऱ्याच लोकांना वॉरंट म्हणजे फक्त चेरी पाय एवढंच माहीत असेल.

रिफमास्तर

लिहितो. चेरी पाय हे गाणं मुळात अल्बमवर नव्हतंच. अल्बमचं नाव अंकल टॉम्स केबिन ठरलेलं, तयार झालेला, आणि लेबलच्या प्रमुखाला एक जोरदार हिट हवं होतं म्हणून लेननं ते बसून लिहून दिलं. लिहिलं, हिट झालं, अल्बमचं नाव बदललं, आणि मग माणूस आयुष्यभर त्या गाण्याच्या नावानं बोटं मोडत राहिला.

डॉग ईट डॉग, ऑगस्ट ९२, मायकल वॅग्नर प्रोड्युसर. पहिल्याच मशीन गन मध्ये गिटार एवढी खाली आणि जड आहे की कव्हर झाकून ऐकवलं तर वॉरंट आहे असं दहातले नऊ जण म्हणणार नाहीत. एप्रिल २०३१ हे पृथ्वीची वाट लागल्यानंतरचं गाणं, त्यात लहान मुलांचा कोरस आहे, अंगावर येतो. अँडी वॉरहॉल वॉज राइट हे प्रसिद्धीसाठी वाटेल ते करायला निघालेल्या माणसाच्या डोक्यातून लिहिलेलं. बिटर पिल मध्ये मधेच जर्मनमध्ये ऑपेरासारखा कोरस येतो! हे सगळं त्या माणसानं लिहिलंय ज्याला जग पाय खाणाऱ्या गाण्यासाठी ओळखतं. अल्बमवर एक दोन गाणी जुन्या वळणाची पण आहेत, ती नसती तर बरं झालं असतं, सगळं ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही. पण एकट्या लेनची लेखणी बघायची तर त्या पिढीत त्याच्या वर फार कमी लोक. २०११ ला गेला बिचारा, ४७ वर्षांचा.

कडवट_कोल्हापुरी

हे मातर खरं. डॉग ईट डॉग लय भारी हाय. मी म्हणतो तुमचा एक नंबरचा मान त्यालाच द्या आणि कोराबीला दोनवर ढकला.

फक्त_वाचनमात्र

सदस्यत्व घेऊन बरीच वर्षं झाली, पहिलाच प्रतिसाद. किसचा रिव्हेंज (९२, मर्क्युरी) कसा विसरलात सगळे? ड्रमवाला एरिक कार नोव्हेंबर ९१ ला कॅन्सरनं गेला, त्याच्या जागी एरिक सिंगर आला, जुना प्रोड्युसर बॉब एझरिन परत आला, आणि अनहोली! जीन सिमन्स दहा वर्षं झोपला होता तो उठला त्या गाण्यात.

बेसवाला_बाळू

स्वागत आहे वाचनमात्र, नाव बदला आता. रिव्हेंज मान्य, पण किसचा खरा दुष्काळी अल्बम म्हणजे कार्निव्हल ऑफ सोल्स. ९५-९६ ला रेकॉर्ड केला, टोबी राइट प्रोड्युसर, तोच जो अॅलिस इन चेन्सबरोबर काम करत होता. तयार झाला आणि तेवढ्यात बँडमधले मूळचे एस आणि पीटर परत आले, मेकअप परत आला, तो दौरा एवढा चालला की हा अल्बम कपाटात गेला. मग लोकांनी चोरीच्या कॅसेट काढल्या, त्या एवढ्या फिरल्या की शेवटी ऑक्टोबर ९७ ला मर्क्युरीनं नाइलाजानं काढला, आणि काढला तेव्हा त्यावर वाजवणारे ब्रूस क्युलिक आणि सिंगर बँडमध्ये उरलेच नव्हते. अल्बम कसा आहे विचाराल तर काळोखा आहे, थोडा लांबलाय, पण क्युलिकनं जंगल मध्ये जी गिटार वाजवलीय ती त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात भारी.

पणजीकर

कार्निव्हल ऑफ सोल्स हा सरळ सरळ अॅलिस इन चेन्सची नक्कल आहे. प्रोड्युसरसकट. सिएटलवाले नकोत म्हणायचं आणि त्यांची झेरॉक्स चालवून घ्यायची हा कुठला न्याय मास्तर?

रिफमास्तर

😄 हा फटका बसला. पण यावर माझं म्हणणं आहेच. त्या वर्षांत प्रत्येक बँडसमोर तीन वाटा होत्या, डोळे मिटून ८८ सालीच राहायचं, फ्लॅनेलचा शर्ट घालून सिएटलवाल्यांची नक्कल करायची, किंवा स्वतःच्याच आवाजातला मेकअप खरवडून खाली काय आहे ते बघायचं. टिकले ते तिसऱ्या वाटेवाले. पुल तिसऱ्या वाटेवरचा. डॉग ईट डॉग तिसऱ्या. टेस्लाचा बस्ट अ नट (९४, गेफन) पण, आणि त्यांना तर खरवडायला फार काही नव्हतंच, ते पहिल्यापासून जीन्स-टीशर्टवाले, अल्बमच्या पाठीवर आम्ही यंत्रं वापरली नाहीत असं छापणारे लोक. कार्निव्हल दुसऱ्या वाटेवर बराच सरकलेला आहे हे खरं. कोराबीवाला दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे कुठेतरी, आणि म्हणूनच मला तो एवढा आवडतो बहुतेक.

पॉइझनचा नेटिव्ह टंग (९३, कॅपिटॉल) पण याच रांगेत बसवा. गिटारवर रिची कॉटझन आला आणि पॉइझनला अचानक ब्लूज वाजवता यायला लागलं. स्टँड मध्ये अख्खा गॉस्पेल कोरस आहे. वर्ष संपायच्या आत कॉटझनला काढलं, त्याची कारणं सांगत बसत नाही, गूगल करा.

एडिसनकर

एक्स्ट्रीम राहिलं! थ्री साइड्स टू एव्हरी स्टोरी, सप्टेंबर ९२, एअँडएम. मोर दॅन वर्ड्स एक नंबरवर गेलं होतं, कुठलंही लेबल म्हणालं असतं अजून तीन तशीच द्या. यांनी काय केलं तर तीन भागांचा अल्बम, युअर्स, माइन आणि द ट्रूथ, तिसरा भाग म्हणजे वीस एक मिनिटांची एकच सलग रचना, अॅबी रोडला सत्तर जणांचा ऑर्केस्ट्रा बसवून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेंबलीला फ्रेडी मर्क्युरीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात त्यांनी क्वीनची गाणी एकापाठोपाठ वाजवली होती ती आठवा, म्हणजे डोक्यात काय चाललं होतं ते कळेल.

आणि आपल्या कॅसेटवाल्या पिढीसाठी एक गंमत, डोन्ट लीव्ह मी अलोन हे गाणं सीडीवर मावलं नाही म्हणून फक्त कॅसेटवर घातलं होतं. सीडीवाले श्रीमंत लोक एका गाण्याला मुकले.

पणजीकर

एक्स्ट्रीमला माझा पण कौल. पुढचा वेटिंग फॉर द पंचलाइन (९५) पण ऐका, उघडा, कोरडा, नुनो बेटनकोर्टची गिटार थेट ॲम्पमधून कानात. मला तो थ्री साइड्सपेक्षा जास्त आवडतो, मारा आता.

कडवट_कोल्हापुरी

अवांतर : तुम्हाला ह्या कॅसेटी मिळायच्या कुठं तेव्हा? आमच्याकडं एकच दुकान, त्याच्याकडं बॉन जोव्ही आणि बाकी सगळी भक्तिगीतं. मागितलं की म्हणायचा पुढच्या आठवड्यात येईल, तो आठवडा काय आला न्हाई.

रिफमास्तर

कोल्हापुरी 😂 पुण्यात पण फार वेगळं नव्हतं. मुंबईला कोणी जाणार असेल तर त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आण म्हणून. आणि तिथे पण जे इथल्या कंपनीनं छापलं तेच. वॉर्नरचा माल इथे मॅग्नासाउंड छापायचं, त्यामुळे अटलांटिक-एलेक्ट्रावाल्यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. बाकी एकाची कॅसेट आली की वर्गातल्या सगळ्यांकडे तिची कॉपी. चौथ्या पिढीच्या कॉपीत झांजा ऐकू येत नसत, मला पुलवर झांजा आहेत हे नोकरी लागल्यावर कळलं.

बेसवाला_बाळू

अवांतर चालू आहेच तर भारताचा संबंध असलेले दोन सांगतो. एक, डीप पर्पल एप्रिल ९५ ला मुंबईत वाजवून गेले, गिटारवर ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मोर्स नुकताच आलेला, त्याचा व्हिडिओ पण निघाला पुढे बॉम्बे कॉलिंग नावानं. मी होतो तिथे, घाम आणि धूळ आणि चाइल्ड इन टाइम. त्यानंतर दहा महिन्यांनी पर्पेंडिक्युलर आला. ब्लॅकमोर गेल्यावर हा बँड संपला असं सगळे धरून चालले होते आणि यांनी समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग दिलं. युरोपात बीएमजीनं काढला म्हणजे नियमात बसतो.

दोन, एरोस्मिथचा नाइन लाइव्ह्ज, ९७, कोलंबिया. टेस्ट ऑफ इंडिया मध्ये पंडित रमेश मिश्रांची सारंगी आहे. आणि त्याचं मूळ कव्हर आठवतंय का, कालियामर्दनाचं चित्र घेऊन कृष्णाला मांजराचं तोंड लावलं होतं. हिंदू संघटनांनी आक्षेप घेतल्यावर कंपनीनं माफी मागून कव्हर बदललं.

एडिसनकर

डेफ लेपर्डचा स्लँग (९६) पण, टर्न टू डस्ट मध्ये भारतीय वाद्यं आहेत. आणि मला तो अल्बम फार आवडतो, त्यांच्या जुन्या पायरोमेनिया अल्बमचे चाहते नाक मुरडतात पण इतकी वर्षं शंभर थरांचा आवाज करणाऱ्या बँडनं सगळे थर काढून टाकले, रिक अॅलन परत खऱ्या ड्रमवर वाजवायला लागला. गिटारवाला स्टीव्ह क्लार्क गेल्यानंतरचं दुःख त्या अल्बममध्ये आहे, त्याच्या आधीच्या एड्रिनलाइज मध्ये नाही.

फक्त_वाचनमात्र

कव्हरडेल-पेज? ९३, गेफन? की हसायचं त्यावर पण?

पणजीकर

अजिबात नाही. लेड झेपलिनमधला जिमी पेजचा जुना जोडीदार रॉबर्ट प्लँटनं त्याची टिंगल केली म्हणून सगळ्यांनी केली, पण शेक माय ट्री चा रिफ (गिटारची परत परत येणारी धून) जिमी पेजनं ७९ नंतर वाजवलेला सगळ्यात चांगला रिफ आहे. अमेरिकेत पाचव्या नंबरपर्यंत गेला. दौरा झाला तो फक्त जपानमध्ये. मग पेज प्लँटकडे परत गेला आणि याचा विषय संपला.

इंग्लंडचं पण कोणीतरी बोला, सगळे अमेरिकेत अडकलेत. थंडरचा लाफिंग ऑन जजमेंट डे (९२, ईएमआय) तिकडे दोन नंबरला गेला. लिटल एंजल्सचा जॅम ९३ ला चक्क एक नंबरला! वाइल्डहार्ट्सचा अर्थ व्हर्सेस द वाइल्डहार्ट्स, ९३, ईस्ट वेस्ट, त्यावर बोवीबरोबरच्या मिक रॉन्सननं एका गाण्यात सोलो वाजवलाय, जायच्या थोडंच आधी. माझ्या मते या अख्ख्या धाग्यातला सगळ्यात ताजातवाना अल्बम तोच, तीन मिनिटांत चार गाण्यांचे रिफ खर्च करतात. तिकडे ग्रंजनं एवढं मारलं नाही, नंतर ब्रिटपॉपनं मारलं.

कडवट_कोल्हापुरी

बरं मग ९६ ते ९९ मदी काय? मास्तरांनी धाग्याला ९९ लिहिलंय आणि बहुतेक सगळे ९५ ला थांबलेत.

रिफमास्तर

कारण तिथे खरा दुष्काळ आहे. जुने करार संपले, लेबलांनी ते पुढे चालू ठेवले नाहीत. ९५ च्या सुरुवातीला एमटीव्हीनं हेडबँगर्स बॉल पण बंद केला. ९६ नंतर हे सगळे बँड सीएमसीसारख्या छोट्या लेबलांकडे गेले, नाहीतर जपानकडे बघून अल्बम काढायला लागले, तिथे ऐकणारे टिकून होते. छोट्या लेबलच्या बजेटमध्ये बॉब रॉक येत नाही, ऑर्केस्ट्रा येत नाही, आणि ते ऐकू येतं. मग डिसेंबर ९८ ला सीग्रॅम या दारूच्या कंपनीनं पॉलिग्राम विकत घेतली, दहा अब्ज डॉलरच्या वर मोजून, आणि महिन्याभरात एअँडएम आणि गेफन ही दोन्ही नावं इंटरस्कोपच्या पोटात ढकलली. शेकडो कलाकारांना नारळ. एक्स्ट्रीमचं लेबल, टेस्लाचं लेबल, दोन्ही एका फटक्यात गेली.

९९ ला जॉन कॅलोड्नरनं सोनीमध्ये पोर्ट्रेट हे जुनं लेबल उघडून रॅट आणि ग्रेट व्हाइटचे अल्बम काढले. सिंड्रेलाशी पण करार केला, तो अल्बम आलाच नाही, प्रकरण कोर्टात गेलं. रॅटचा ठीक आहे. त्याच वर्षी बकचेरी आला ड्रीमवर्क्सवर, तो मात्र चांगला होता, आणि नवा होता.

फक्त_वाचनमात्र

अॅलिस कूपरचा लास्ट टेम्प्टेशन (९४, एपिक) घाला यादीत. त्यावर दोन गाण्यांत साउंडगार्डनचा क्रिस कॉर्नेल आहे. पणजीकरांच्या भिंतीच्या मुद्द्याला जोड.

पणजीकर

देव तुमचं भलं करो वाचनमात्र.

बेसवाला_बाळू

एक शेवटचा, आणि याच्यावर निकाल मास्तरांनी द्यायचा. डेंजर डेंजरचा कॉकरोच. ९३ च्या सुमारास एपिकच्या पैशानं रेकॉर्ड केला, टेड पोली गायक. मग टेडला काढला, पॉल लेनला आणून सगळी गाणी परत गाऊन घेतली. टेड कोर्टात गेला, एपिकनं वैतागून अख्खा अल्बम कपाटात टाकला. २००१ ला दोन डिस्क करून बँडनं स्वतःच काढला, एकीवर लेन, दुसरीवर पोली, गाणी तीच. मोठ्या लेबलनं पैसे दिले पण छापला नाही. नियमात बसतो की नाही?

रिफमास्तर

पैसे एपिकनं दिले ना? मग बसतो. टेडवाली डिस्क धरायची, पॉलवाली नाही.

एडिसनकर

पॉलवाली जास्त चांगली आहे!!

कडवट_कोल्हापुरी

झालं सुरू.